माडीवरच्या संगणकाचे तुटणारे वाय-फाय : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

ताईचे गाण्याचे ऑनलाइन वर्ग माडीवरच्या खोलीतून चालतात. गेले काही आठवडे तास रंगात आला की तिथल्या संगणकाचे वाय-फाय तुटते. अर्धा-पाऊण मिनिट जाते आणि मग आपोआप परत जोडले जाते. बातम्या वाचताना एवढे चालून जाईल, पण मुलगी यमनचे आलाप करत असताना आवाज गेला तर तिचा निषाद कुठे लागला हे ताईला कळत नाही. मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते आणि तोवर तिचे लक्ष उडालेले असते. १० जुलैला गुरुपौर्णिमा आहे. सातारा, पुणे, दुबई, न्यू जर्सी अशी सगळीकडची मुले त्या दिवशी एकत्र जोडली जाणार आहेत. त्याआधी याचा छडा लावायचा.

आज फक्त मांडणी लिहून ठेवतो. फायबरची पेटी आणि राउटर खाली पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी. संगणक वर मागच्या खोलीत. मध्ये स्लॅब, म्हणजे सिमेंटमध्ये सळ्यांची जाळी, आणि वर जिन्यालगत लोखंडी कपाट. संगणक टेबलावरचा, विंडोज १०चा. त्याला स्वतःचे वाय-फाय नाही, म्हणून मागच्या यूएसबी पोर्टमध्ये नखाएवढा वाय-फाय डोंगल लावलेला आहे. हा डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. राउटर ५ गिगाहर्ट्झही देतो, पण डोंगलला ते ऐकूच येत नाही.

विंडोज सिग्नल ५८ टक्के दाखवते. विंडोजच्या हिशेबात उणे १०० डीबीएम म्हणजे शून्य टक्के आणि उणे ५० म्हणजे शंभर, तेव्हा ५८ टक्के म्हणजे साधारण उणे ७१ डीबीएम (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप). घरगुती कामाला पुरेल, पण हाताशी राखीव काही नाही.

एक गोष्ट ठरवून टाकली : एका वेळी एकच बदल करायचा, तो इथे लिहायचा आणि पुढचा किमान एक दिवस दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडात चार बदल एकदम केले की दोष गेला का लपला, हे कधीच कळत नाही.

१५ जून, रविवार

पहिला प्रश्न असा, की तुटते नेमके कुठे? संगणक ते राउटर हा एक सांधा, राउटर ते बाहेरचे जग हा दुसरा. ताई दोन्हीला मिळून ‘नेट गेलं’ म्हणते आणि कंपनीच्या मदत केंद्रालाही आपण तेच सांगतो. शोधकामाला ही दोन वेगळी दुखणी धरावी लागतात.

संगणकावर आज्ञा टंकायच्या दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ला, सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक आणि उत्तर यायला किती वेळ लागला याचे माप. दुसरीत बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. दोन्ही बंद पडले तर पहिला सांधा, फक्त दुसरे बंद पडले तर बाहेरचा. विंडोजचे साधे पिंग वेळ छापत नाही, म्हणून पॉवरशेल या विंडोजच्याच साधनात चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, केली. ती दर सेकंदाला तारीख-वेळेसह उत्तर फाइलमध्ये उतरवते. वेळ नसलेली नोंद या कामात निरुपयोगी आहे. त्याच टेबलावर माझा लॅपटॉप ठेवून त्यावरही तीच स्क्रिप्ट चालू केली.

रविवारी ताईचा फक्त जुन्या विद्यार्थिनींचा रियाजाचा वर्ग असतो. आज दिवसभर काहीही तुटले नाही. स्क्रिप्ट चालू ठेवली आहे.

१७ जून, मंगळवार

काल आणि आज मिळून भरपूर पुरावा हाती आला. संगणकावर दोन्ही पिंग एकाच सेकंदाला थांबतात आणि एकाच वेळी परत येतात. त्याच टेबलावरच्या लॅपटॉपवर त्या क्षणी दोन्ही सुरळीत. म्हणजे फायबर, कंपनी, पाऊस, कोपऱ्यावरचा खांब हे सगळे निर्दोष. दोष संगणक आणि राउटर यांच्यामधल्या हवेत आहे, किंवा त्या हवेच्या दोन टोकांना.

मदत केंद्राला फोन करून झाला होता. त्यांनी राउटर बंद-चालू करायला सांगितले. तक्रार मी मागे घेतली, कारण हे त्यांच्या कक्षेतले दुखणे नाही आणि माणूस घरी बोलावून त्याचाही वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मग विंडोजचा वायरलेस अहवाल काढला. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा दिली की गेल्या तीन दिवसांचा आलेख असलेले पान तयार होते. फार कमी लोकांना माहीत असलेली आणि फार कामाची सोय आहे. प्रत्येक जोडणी, प्रत्येक तुटणे, त्याचे कारण, सगळे वेळेसह दिसते. आपल्याकडच्या प्रत्येक तुटण्यापुढे इव्हेंट क्रमांक ८००३ आणि कारण एकच : ड्रायव्हरने, म्हणजे डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, नेटवर्क तोडले. ‘राउटरने काढून टाकले’ असे एकदाही नाही. पासवर्ड किंवा सुरक्षा-किल्लीच्या देवघेवीत अडकल्याचेही नाही.

याचा अर्थ मी असा लावतो. राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, ‘मी आहे’ अशी हाक देत असतो. तिला बीकन म्हणतात. लागोपाठ बऱ्याच हाका ऐकू आल्या नाहीत की डोंगल ठरवतो, राउटर गेला, आणि स्वतःच नाते तोडतो. राउटर तर जागेवरच आहे, लॅपटॉपला तो ऐकू येतोय. मग डोंगललाच का ऐकू येत नाही?

१९ जून, गुरुवार

आधी शेजारपाजार तपासला. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५पासून विनापरवाना खुला आहे, त्यामुळे वाय-फाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस अशी सगळी मंडळी त्यातच राहतात. फोनवरच्या ॲपमध्ये गल्लीतली बरीच नेटवर्क दिसली. भारतात या पट्ट्यात १ ते १३ चॅनल वापरता येतात, पण शेजारशेजारच्या चॅनलांच्या मध्यबिंदूंत अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचे आणि एका नेटवर्कला जागा लागते सुमारे २०ची. म्हणून एकमेकांच्या पायात न येणारी नेहमीची जागा तीनच, १, ६ आणि ११. आमचा राउटर ‘ऑटो’वर होता, ४० मेगाहर्ट्झ रुंदीने पसरून ६ आणि ११ दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना धक्के देत होता. त्याला चॅनल १ आणि २० मेगाहर्ट्झ असे पक्के करून दिले.

२१ जून, शनिवार

चॅनल बदलल्याचा परिणाम : राउटरचे पिंग आधी ९-१० मिलिसेकंदांवर हेलकावत होते, ते ३-४वर स्थिरावले. चांगली गोष्ट, हा बदल कायम ठेवणार. तुटणे मात्र जसेच्या तसे.

आज डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ ही खूण काढली आणि पॉवर ऑप्शन्समधले यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद केले. दोन्हींचा हेतू एकच, डोंगलला झोपू न देणे, म्हणून एकच बदल धरला. कुणालाही विचारा, पहिला सल्ला हाच मिळतो, आणि लॅपटॉपवर बऱ्याचदा तो लागूही पडतो. पण आमचे वाय-फाय संगणक मोकळा असताना तुटत नाही. पुढे व्हिडिओ चालू असताना तुटते, म्हणजे ज्या वेळी डोंगलला झोपायला सवडच नसते.

खाली मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा पेला ठेवून वर पिंग पाहिले. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झवर, याच पट्ट्याच्या मधोमध, काम करतो. पिंग थोडे वाढले, तुटले नाही. सोडून दिले.

२२ जून, रविवार

आजची नोंद मोठी होणार, कारण आज खरी दिशा मिळाली, आणि ती ताईच्या वहीतून मिळाली.

ताई प्रत्येक तासाला वहीत लिहिते : तारीख, विद्यार्थिनी, राग, कुठवर झाले. गेल्या महिन्यापासून नेट तुटले की ती समासात छोटी फुली करते. मी तिला सांगितले नव्हते, तिची ती सवय. ती वही आणि माझी पिंगची फाइल शेजारी ठेवून दुपारभर बसलो.

एक. सकाळी साडेसहाच्या तासाला फुली नाही. एकदाही नाही. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि तिथल्या दोघी भैरव शिकतात. इतके दिवस मला वाटायचे, पहाटे गल्लीतली वाय-फाय शांत असतात म्हणून असेल.

दोन. आठच्या तासाला जवळजवळ रोज फुली, तीही पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत.

तीन. संध्याकाळी साडेपाचचा दुबईच्या मुलांचा तास कधी तुटतो, कधी नाही. सातचा मोठ्यांचा तास मात्र हमखास.

चार. रविवारी फुली नाही.

“अरे, पहिला तास नेहमी नीट होतो, दुसऱ्यालाच काहीतरी होतं, हे मी तुला मागेच म्हटलं होतं,” ताई म्हणाली. खरे आहे, ती म्हणाली होती. आता तिचे म्हणणे कागदावर सिद्ध झाले.

पिंगच्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. एकाच बैठकीत दोनदा तुटले असेल तर दोन्हींत अंतर साधारण एका तासाचे. जे तासाच्या ठोक्याने होते ते कुणीतरी घड्याळ लावून करत असते. घरात तासाचे घड्याळ कुणाकडे आहे?

राउटरकडे आहे. वाय-फायच्या सुरक्षेत एक सामायिक किल्ली असते, ती सगळ्या उपकरणांना मिळून एकच, आणि राउटर ती ठरावीक काळाने बदलतो. आमच्या राउटरमध्ये हा काळ ३६०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर एक तास. जुन्या डोंगलचा ड्रायव्हर या बदलाच्या वेळी अडखळला तर जोडणी तुटू शकते. आज तो काळ वाढवून एका दिवसाचा केला.

२४ जून, मंगळवार

तुटणे तसेच, तासाच्या ठोक्यानेच. किल्लीवरचा संशय फिटला. काळ पुन्हा ३६०० सेकंद करून ठेवला. सुरक्षेची मांडणी विनाकारण सैल ठेवू नये.

वहीत याला दुजोरा देणारा एक दिवस आहे, तो काल लक्षात आला. पाहुणे आले म्हणून त्या दिवशी संगणक वीसेक मिनिटे उशिरा चालू झाला होता, आणि आठच्या तासातली फुलीही तेवढीच पुढे सरकलेली. राउटर तर रात्रंदिवस चालू असतो, संगणक केव्हा चालू झाला याच्याशी त्याच्या घड्याळाला काय देणेघेणे? म्हणजे घड्याळ संगणकातच आहे.

२५ जून, बुधवार

दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरवर जाताना राउटर बंद पडून परत चालू झाला. त्या वेळी लॅपटॉप, फोन, संगणक सगळे एकदम तुटले. हे वेगळे दुखणे आहे आणि त्याची खूण वेगळी आहे. मुख्य तपासात मिसळू नये म्हणून बाजूला नोंदवून ठेवतो.

२८ जून, शनिवार

सापडले असे वाटते.

आठच्या तासाला ताईच्या मागे शांतपणे बसून राहिलो, नजर पिंगच्या खिडकीवर. आठ वाजून काही मिनिटांनी टेबलावरच्या बाहेरच्या हार्ड डिस्कचा निळा दिवा लुकलुकायला लागला. काही सेकंदांत पिंगची उत्तरे थांबली. तंबोरा वाजत राहिला, मुलीचा चेहरा पडद्यावर गोठला.

ती डिस्क मीच गेल्या वर्षी लावून दिली होती, तासांची मुद्रणे (रेकॉर्डिंग) सुरक्षित राहावीत म्हणून. विंडोजच्या फाइल हिस्टरीवर ती चालते आणि फाइल हिस्टरीचा ठरलेला काळ आहे दर तासाला एकदा. दर तासाला ती बघते, काय नवे आहे. नवे असेल तर डिस्कवर उतरवते, नसेल तर गप्प बसते.

आता वहीतल्या फुल्या आपोआप उलगडतात. ताई प्रत्येक तासाचे व्हिडिओ मुद्रण ठेवते आणि शिवाय वेगळ्या मायक्रोफोनवरून गाण्याचा आवाज कुठलेही आकुंचन न करता घेते. सीडीच्या दर्जाचा असा आवाज मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा घेतो, तासाला सहाशेच्या वर. व्हिडिओसकट प्रत्येक तासामागे मोठा गठ्ठा तयार होतो. सकाळच्या पहिल्या तासाला उतरवायला काहीच नसते, म्हणून तो नीट पार पडतो. तो संपला की गठ्ठा तयार, आणि पुढच्या ठोक्याला, म्हणजे आठच्या तासात, डिस्क कामाला लागते. नऊच्या सुमाराला ताईने संगणक लगेच बंद केला तर आठच्या तासाचा गठ्ठा तसाच राहतो आणि संध्याकाळी दुबईच्या मुलांच्या माथी येतो. सकाळी संगणक दहापर्यंत चालू राहिला तर दुबईचा तास सुखरूप. रविवारच्या रियाजाचे ती मुद्रण करत नाही, म्हणून रविवार कोरा.

डिस्क आणि डोंगल कुठे लावलेत ते टॉर्च लावून पाहिले. मागच्या बाजूला दोन निळे पोर्ट, यूएसबी ३.०चे, एकमेकांना चिकटून. वरच्यात डोंगल, खालच्यात डिस्क.

२९ जून, रविवार

दोन गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. डिस्क चालते तेव्हा संगणकावरही भार येतो, फाइल हिस्टरीच काही गोंधळ घालत असेल, विजेचा ओढा वाढत असेल. हे सगळे वेगळे काढायला हवे. आज वर्ग कमी, म्हणून दिवसभर हेच. प्रत्येक वेळी दीड-दोन गिगाबाइटचा तोच फोल्डर आणि शेजारी पिंग.

डिस्क निळ्या पोर्टात, फाइल हिस्टरी ‘आत्ता चालव’ : तुटले.

फाइल हिस्टरी बंद, फोल्डर हाताने डिस्कवर कॉपी : तुटले. फाइल हिस्टरी सुटली.

तोच फोल्डर संगणकाच्या आतल्या डिस्कवर एका जागेवरून दुसऱ्या जागी : काही नाही. संगणकावरचा भार सुटला.

डिस्क पुढच्या काळ्या पोर्टात, म्हणजे यूएसबी २.०मध्ये, डोंगल जागेवरच : कॉपीला कितीतरी जास्त वेळ लागला, पण पिंग एकदाही चुकले नाही.

डिस्क परत निळ्यात, डोंगल दीड मीटरच्या एक्स्टेन्शन वायरवर लावून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला : पिंग थोडे हलले, जोडणी टिकली.

दोन्ही पूर्वीच्या जागी : पुन्हा तुटले.

ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दोष घालवता येणे आणि हवा तेव्हा परत आणता येणे, दोन्ही जमले तरच कारण सापडले म्हणायचे.

आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहिली. तुटायच्या क्षणापर्यंत विंडोजचा सिग्नल ५५ ते ६० टक्क्यांवरच होता. चिन्हातल्या सिग्नलच्या कांड्या एकीनेही कमी झाल्या नाहीत.

३० जून, सोमवार

हे का होते ते इथे सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

यूएसबी ३.०च्या तारेतून सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने माहिती जाते. एवढ्या वेगाच्या देवघेवीतून जो विद्युत-कल्लोळ निघतो तो एखाद्या वारंवारतेवर न राहता रुंद पट्ट्यावर पसरतो, आणि २.४ गिगाहर्ट्झ त्या पसाऱ्यात येते. तार, जोडपिन किंवा डिस्कचे खोके यांचे धातूचे आवरण कच्चे असेल तर तो बाहेर पाझरतो. इंटेलने २०१२मध्ये याच विषयावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. त्यात यूएसबी ३.०ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला पार्श्वभूमीचा गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढल्याचे मोजलेले आहे. २० डेसिबल म्हणजे शंभर पट. यूएसबी २.० सेकंदाला ४८० मेगाबिटवर चालते, त्याचा त्रास या पट्ट्याला असा होत नाही. काळ्या पोर्टात सगळे शांत झाले ते त्यामुळे.

गोंगाट सबंध पट्ट्यावर पसरलेला असल्यामुळे चॅनल १ घ्या, ६ घ्या की ११, सुटका नाही. आणि सिग्नलच्या कांड्या कमी न होण्याचे कारणही हेच. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना शेजारच्या खोलीतून आई हाक मारते, तिचा आवाज कमी झालेला नसतो, तरी शब्द कळत नाहीत. कांड्या फक्त आईच्या आवाजाचे माप दाखवतात. मिक्सरचे माप दाखवणारे काही विंडोजच्या त्या चिन्हात नाही. ५८ टक्के सिग्नलवर विसंबून राहिलो असतो तर हा दोष हवेतला आहे असे कधीच वाटले नसते.

लॅपटॉपला काही का झाले नाही, याचीही दोन उत्तरे आहेत. त्याचा अँटेना पडद्याच्या कडेत, डिस्कपासून हातभर लांब, आणि तो ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला. डोंगलचा अँटेना डिस्कच्या पिनेपासून बोटभर अंतरावर. अंतर वाढले की हा गोंगाट झपाट्याने विरतो, म्हणून दीड मीटरच्या वायरने एवढा फरक पडला.

संगणकाचे मागचे पोर्ट असे चिकटून का देतात, आणि नखाएवढ्या डोंगलच्या खोक्यावर ‘यूएसबी ३.० डिस्कशेजारी लावू नका’ एवढे एक वाक्य का छापत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. घराघरांत लोक चांगले राउटर बदलत असतील, कंपन्या बदलत असतील, आणि दोष डोंगलच्या शेजारच्या पोर्टात बसलेला असेल.

२ जुलै, बुधवार

तात्पुरती व्यवस्था : डोंगल एक्स्टेन्शन वायरवर, खिडकीच्या चौकटीवर चिकटवलेला, लोखंडी कपाटाच्या आडोशातून बाहेर. सिग्नल ५८वरून ७०च्या पुढे गेला. डिस्क पुढच्या काळ्या पोर्टात. फाइल हिस्टरी दर तासाऐवजी दिवसातून एकदा. सोमवारपासून वहीत फुली नाही.

तात्पुरती म्हणतो, कारण टेबलावरचा संगणक जागचा हलत नाही. हलणाऱ्या गोष्टींना हवा द्यावी, जागेवर बसलेल्यांना तार द्यावी, असे माझे मत आहे. गाणे शिकवणाऱ्या माणसाला तर नक्कीच. वाय-फायवर एखादे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, हरवले की ते पुन्हा पाठवले जाते आणि आवाजात बारीक खाच पडते, जोडणी तुटली नाही तरीही. मींड शिकवताना ती खाच कानाला लागते.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी, वर्गांना सुट्टी. वायरमनला बोलावून राउटरपासून माडीपर्यंत कॅट ६ केबल ओढली.

भिंत फोडावी लागली नाही. गच्चीवरून खालच्या खोलीत जाणारा जुन्या केबल टीव्हीचा पाइप माडीवरच्या खोलीतूनच जातो आणि त्यातली काळी वायर कितीतरी वर्षे नुसती पडून होती. तिच्याच टोकाला नवी केबल टेपने घट्ट बांधली आणि खालून जुनी ओढत गेलो, तशी नवी वरून आत येत गेली. विजेच्या पाइपमधून नेऊ नका, असे मी आधीच सांगितले होते. २३० व्होल्टच्या तारेसोबत एकाच पाइपात नेटची केबल धोक्याची.

दुकानात दोन प्रकारच्या केबल दाखवल्या. स्वस्तातली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, दुसरी शुद्ध तांब्याची. तांब्याचीच घेतली. मुलाम्याची तार क्रिंप करताना, म्हणजे पिन दाबून बसवताना, सहज तुटू शकते आणि पुढे सांधा सैल होऊ शकतो.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. जोडल्यावर विंडोजने वेग १०० मेगाबिट दाखवला. राउटर आणि संगणक दोन्हींचे पोर्ट १ गिगाबिटचे, तेव्हा हे बरोबर नव्हते. आठ तारांच्या चार जोड्या होतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या दोनच पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणजे एखादी तार पिनेपर्यंत पोचलेली नाही. टेस्टर लावला, तर सातव्या तारेचा दिवा लागेना. वायरमनने वरची पिन कापून दुसरी बसवली आणि वेग १ गिगाबिट झाला. १०० मेगाबिटनेही ताईचे काम भागले असते, पण अर्धवट बसलेली पिन ठेवून तेच तुटणे पुन्हा घरात आणायचे नव्हते.

राउटरचे पिंग आता एका मिलिसेकंदाच्या आत. डोंगल काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, एक्स्टेन्शन वायरसकट. डिस्क परत निळ्या पोर्टात, फाइल हिस्टरी परत दर तासाला. आता तिने खुशाल हवा तेवढा गोंगाट करावा.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम दोन तासांहून जास्त चालला. मध्येच डिस्कचा दिवा लागला, मी पिंगकडे पाहिले, एकही उत्तर चुकले नव्हते. दुबईच्या सर्वांत लहान मुलाने भूपची बंदिश अंतऱ्यासकट म्हटली, एका दमात, मध्ये न थांबता. ताईने वहीत त्याच्या नावापुढे काय लिहिले ते तिचे तिच्यापाशी.

१३ जुलै, रविवार

उरलेले काम एकच, २५ जूनला बाजूला ठेवलेले : वीज गेल्यावर राउटर बंद पडणे. इन्व्हर्टर घरच्या विजेवरून बॅटरीवर येतो त्या क्षणभराच्या खंडाने दिवे नुसते लुकलुकतात, पण राउटर पूर्ण नव्याने सुरू होतो आणि परत जोडायला दोन-तीन मिनिटे घेतो. पावसाळाभर हे होणार. फायबरची पेटी आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टचे आहेत. त्यांच्या ॲडॉप्टरवरचे अँपिअर आणि पिनेची धन-ऋण बाजू बघून दोन्ही चालतील असा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे त्यांना अखंड वीज देणारी बॅटरीची पेटी, घ्यायचा. शेजारचे काका परवा त्यांच्याकडचा दाखवणार आहेत. त्यांच्याही घरी टीव्हीच्या मागे यूएसबी डिस्क आणि डोंगल शेजारीशेजारी आहेत, तेव्हा जाताना एक्स्टेन्शन वायर सोबत नेतो.